मुलं पाणीच पीत नाहीत, त्यात व्हीबीएस (चर्चची सुट्टीतली बायबल शाळा) तोंडावर आलंय. तुमच्याकडे काय करता?

नगरची_लेक :
सलाम सगळ्यांना. विषय साधाच आहे पण डोकं खाल्लंय त्याने म्हणून धागा काढतेय. माझा मुलगा दुसरीत आहे. पाण्याची बाटली सकाळी जशी भरून देते तशीच संध्याकाळी परत येते, झाकणाला हातसुद्धा लावलेला नसतो. दूध पितो, सरबत पितो, आजोबांच्या बशीतला चहा पितो, पण पाणी म्हणलं की तोंड वाकडं. मध्यंतरी शी करताना इतका त्रास झाला की रडून रडून घर डोक्यावर घेतलं, शेवटी डॉक्टरकडे नेलं तर ते म्हणाले औषध देतो पण मूळ दुखणं पाण्याचं आहे, ते तुम्हालाच बघावं लागेल.

त्यात मे महिन्यात आमच्या चर्चचं व्हीबीएस आणि यंदा प्रायमरीचा गट माझ्याकडे आलाय, म्हणजे चार ते आठ वर्षांची पोरं. हॉलला वर पत्रा, पंखे दोन, त्यातला एक नुसता आवाज करतो. अॅक्शन साँगवर उड्या मारून पोरं लालबुंद होतात. इथे घरातलं एक पाणी पीत नाही तिथे एवढ्यांना कशी पाजू?

आणि एक खटकणारी गोष्ट. सासूबाई त्याला प्रेमानेच सांगतात पण सांगतात काय, तर "पाणी पी, नाहीतर प्रभू येशूला आवडणार नाही". मला ते ऐकून कसंतरीच होतं. पण दुसरीकडे शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे (१ करिंथ ६:१९) हे आपण मानतोच ना, मग मुलांना ते पाण्याच्या बाबतीत शिकवायचं का नाही, शिकवायचं तर कसं? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

रुथची_मम्मी :
आमच्याकडे फ्रिजवर स्टिकर चार्ट लावला होता. एक ग्लास संपवला की एक तारा. पहिले काही दिवस काय सुंदर चाललं म्हणून सांगू, मी तर महिला मंडळाच्या ग्रुपवर फोटोपण टाकला :) मग माझ्या मिस्टरांनी विचारलं की गॅलरीतली मोगऱ्याची कुंडी सारखी ओली का असते. तारे सगळे मोगऱ्याने कमावलेले निघाले.
तेव्हा बक्षीसबिक्षीस सोडून दे. आता आम्ही जेवायला बसताना ताटाबरोबर भरलेलं भांडं ठेवतो, पी पण म्हणत नाही. प्रार्थना झाली की पहिल्यांदा हात भांड्याकडेच जातो, सगळेच पितात म्हणून तीही पिते.

मिरजेची_सिस्टर :
नगरच्या लेकी, मी लहान मुलांच्या वॉर्डातली रिटायर नर्स. आकडे आधी सांगते मग बाकीचं. ४ ते ८ वर्षांच्या मुलाला दिवसाला सगळं मिळून साधारण १.६ ते १.७ लिटर लागतं, १ ते ३ वर्षांच्याला १.३ लिटरच्या आसपास, ९ ते १३ मध्ये मुलींना २ च्या जवळपास आणि मुलांना २.१ ते २.४. आता "सगळं मिळून" हे नीट वाच, म्हणजे त्यात दूध, ताक, वरण, कलिंगड, काकडी सगळं आलं, नुसत्या जेवणातूनच साधारण पाचवा हिस्सा मिळतो. त्यामुळे बाटली मोजत बसू नकोस. हे आकडे साध्या हवेतले आहेत, उन्हाळ्यात आणि उड्या मारल्यावर जास्त लागणार हे उघड आहे. आकड्यापेक्षा लघवीचा रंग बघ, फिकट पिवळी असली की झालं. गडद आणि वास मारणारी असली की कमी पडतंय.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी नाही, अजिबात नाही, कितीही ऊन असू दे, फक्त आईचं दूध. बाप्तिस्म्याच्या जेवणात कोणीतरी हौशी आत्याबाई बाळाच्या तोंडात चमच्याने पाणी घालतातच म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता शी चं. मोठ्या आतड्याचं कामच मळातलं पाणी शोषून घेणं. शरीराला पाणी कमी मिळालं की ते जास्त शोषतं, शी कडक होते, कडक झाली की दुखतं, दुखतं म्हणून पोरगं दाबून धरतं आणि दाबून धरली की ती आत बसून अजून कोरडी होते. या चक्रात एकदा मूल अडकलं की नुसत्या "पाणी पी" ने सुटत नाही. डॉक्टरांनी औषध दिलंय ते मध्येच बंद करू नको, शी मऊ झाली म्हणजे बरं झालं असं नसतं, दुखण्याची भीती जायला वेळ लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री झोपताना त्याला सहज विचार की शाळेतलं संडास कसं आहे. रागावून नको, चौकशी केल्यासारखं पण नको. माझ्या अनुभवात बाटली भरलेली परत येते ती तहान लागत नाही म्हणून येतच नाही. पाणी प्यायलं तर जावं लागेल, आणि जायचं नाहीये, म्हणून प्यायचंच नाही, इतका साधा हिशोब पोरं करतात. मुली तर जास्तच, आणि मग लघवी तुंबवून जळजळ, ताप, इन्फेक्शन घेऊन येतात.

नगरची_लेक :
सिस्टर, काल विचारलं. तुमचं खरं निघालं. मुलांच्या बाथरूमची कडी तुटलीय आणि मोठ्या वर्गातली मुलं दार ढकलून हसतात. "मग मी जातच नाही, घरी येऊन जातो" असं इतकं शांतपणे सांगितलं की मला काय बोलावं कळेना. एवढे दिवस मी बाटल्या बदलत होते, कार्टूनवाली, स्ट्रॉवाली, गार राहणारी. बाईंना भेटून आलेय, बघू म्हणाल्या. तोवर मधल्या सुट्टीत बाई स्वतः दाराशी उभ्या राहतील एवढं कबूल केलंय, तेही नसे थोडके.

सहज_सुचलं :
बाटलीवरून आठवलं, स्ट्रॉवाली बाटली असेल तर ती स्ट्रॉ आणि झाकणातली रबराची चकती काढून एकदा वास घेऊन बघा. आमच्या बाटलीत काळी बुरशी होती. मुलगी म्हणायची पाण्याला वास येतो, आम्ही म्हणायचो नखरे. साधी रुंद तोंडाची स्टीलची बाटली घ्या, घासायला आत हात गेला पाहिजे.

बावखलाच्या_काठी :
आमच्याकडे वसईत वेगळाच प्रकार. लेक यंदा पहिलं कम्युनियन (मिस्सात मिळणारा पवित्र प्रसाद) घेणार आहे. माझी आई रविवारी सकाळी तिला पाण्याचा थेंब घेऊ देत नाही, मिस्सा (आमची रविवारची उपासना) होईपर्यंत तोंड कोरडं पाहिजे म्हणते. पोरगी सकाळी उठते, चालत चर्चला जाते, मिस्सा, त्यानंतर धर्मशिक्षणाचा वर्ग, घरी येईस्तोवर अकरा वाजतात, आणि मग डोकं दुखतं म्हणून आडवी. आईचं अगदीच खोटं नाही, तिच्या आईने तिला तसंच वाढवलं, जुन्या काळी मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा चालत नव्हतं. पण पोप पायस बारावे यांनी १९५३ मध्येच सांगून टाकलं की साध्या पाण्याने कम्युनियनचा उपवास मोडत नाही. १९६४ पासून तर उपवासच फक्त एक तासाचा राहिला, त्यातही पाणी आणि औषध कधीही चालतं, कॅनन लॉ (कॅथलिक चर्चचे नियम) मध्ये ९१९ नंबरला स्पष्ट लिहिलंय. फादरांनी स्वतः घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुम्ही आताचे फादर :)

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचं पण तसंच, राखेच्या बुधवारचा आणि गुड फ्रायडेचा उपवास १८ ते ५९ वयाच्या लोकांना आहे, लहान मुलांना नाही, आणि त्यातही पाण्याला बंदी कधीच नाही. हे कॅथलिक लोकांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी पुढे जा.

जाता जाता, आमच्या आयडीतलं बावखल म्हणजे आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी, पूर्वी वाड्यावाड्यात होती, रहाट लावून बागा शिंपायचे. आता बरीचशी भराव टाकून बुजवली आणि त्याच रस्त्यावरून टँकर येतात. असो, विषयांतर.

जुना_जालनेकर :
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. सगळ्या पोस्टी वाचल्या. माझं मत थोडं वेगळं पडतंय, राग मानू नये. हल्ली उपासनेत दर दहा मिनिटाला एखादं लेकरू उठतं, आधी बाटली, मग बाथरूम, मग परत बाटली, मागे आई, आईच्या मागे मावशी. पाळकसाहेबांनी संदेश कोणाला द्यायचा? आम्ही उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन बसायचो, घोटभर पाणी नाही. एस्तेर राणीने तीन दिवस तीन रात्री काही खाल्लं प्यायलं नाही (एस्तेर ४:१६). निनवेच्या राजाने तर गुराढोरांनाही पाणी पाजू नका म्हणून फर्मान काढलं (योना ३:७). संयम लहानपणी लागला नाही तर पुढे लागत नाही. पाणी पाजा, जरूर पाजा, पण वेळेवर. एवढंच म्हणणं.

एलीयाची_भाकर :
काका, सलाम. तुमचा मान ठेवून लिहितो. मी पुण्यात संडे स्कूल घेतो. एका चर्चमध्ये (नाव नको) उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना चालली होती, प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात वक्ते, एप्रिलचं ऊन, माणसं दाटीवाटीने. पाचवा उद्गार आला, "मला तहान लागली आहे", योहान १९:२८. वक्ते तहानेचा आत्मिक अर्थ सांगत होते आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी चक्कर येऊन खाली पडली. तिने दोनदा आईकडे पाणी मागितलं होतं, आईने डोळ्यांनी गप्प केलं होतं, उपासना चालू आहे म्हणून. मला त्या दिवसानंतर तो उद्गार आत्मिक अर्थाने वाचताच येत नाही. त्याला खरोखरची तहान लागली होती आणि ती त्याने बोलून दाखवली.

एस्तेरचं म्हणाल तर ते सगळ्या लोकांच्या जीवावर बेतलेलं होतं, आपल्याकडे फक्त संदेश लांबलेला असतो (हलकं घ्या काका). आणि योना शेवटपर्यंत वाचा ना. पुस्तक संपतं कुठे, ४:११, देव म्हणतो ज्यांना उजवा डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि शिवाय पुष्कळ गुरंढोरं, त्यांची मी कीव करू नये काय? राजाने ज्या गुरांना तहानलेलं ठेवलं तीसुद्धा देवाच्या हिशोबात आहेत, मग उजवा डावा न कळणारी आपली बालवाडी नाही का?

ताई तुमच्या मूळ प्रश्नावर. सासूबाईंचं वाक्य बंद करा असं मी म्हणणार नाही, ते तुमच्या घरातलं, पण मुलाच्या डोक्यात काय बसतं बघा, देव म्हणजे बाटली तपासणारा. शास्त्रात मला तरी उलटं दिसतं. १ राजे १९ मध्ये एलीया जीव नकोसा होऊन रतामाच्या झुडपाखाली झोपलाय. देवदूत येतो, उपदेश नाही, जाब नाही, उशाशी निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो आणि म्हणतो उठ, खा. एलीया खातो पितो आणि परत झोपतो. दूत परत येतो, परत तेच. देवाचा पर्वतावरचा प्रश्न, तू इथे काय करतोस, तो नंतर, पोटात काहीतरी गेल्यावर. आणि मत्तय १०:४२ घ्या, या लहानांतल्या एकाला जो प्यालाभर गार पाणी देईल त्याचं प्रतिफळ बुडणार नाही. मान्य आहे, तिथे लहान म्हणजे शिष्य असं अभ्यासक सांगतात. पण ते वचन पाजणाऱ्यासाठी आहे. पिणाऱ्याने काय करायचं याबद्दल त्यात एक शब्द नाही. तहान लावण्याची सोय देवाने शरीरातच केलेली आहे, तिला पाणी जवळ मिळेल आणि नंतर दाराला कडी असेल हे बघणं आपल्याकडे दिलंय. मंदिर म्हणायचं तर मंदिराची झाडलोट लहान मूल करतं का, मोठी माणसंच करतात.

तीमथ्याचा_मामा :
आमच्या बारा वर्षांच्या भाच्याने १ तीमथ्य ५:२३ शोधून काढलंय. "यापुढे नुसतं पाणी पीत राहू नको" असं पौलाने लिहिलंय, तेव्हा मला कोल्ड्रिंक हवं. काय उत्तर देऊ :)

मिरजेची_सिस्टर :
त्याला सांग तिथे पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस सांगितलाय, कोल्ड्रिंक नाही. आणि तुझ्या पोटाचं दुखणं पाण्यानेच बरं होणार आहे. एवढा शास्त्री पोरगा संडे स्कूलला शिक्षक म्हणून घ्या.

संत्रानगरी :
नागपूरहून. आमच्याकडे मे मध्ये ४५ पर्यंत जातं त्यामुळे व्हीबीएस सकाळी सात ते साडेदहा, त्यापुढे एक मिनिट नाही. कोणी म्हणलं क्राफ्ट राहिलं, तर क्राफ्ट घरी घेऊन जा. दर गाण्यानंतर एक शिट्टी, शिट्टी वाजली की सगळ्यांनी प्यायचं, शिक्षकांनी पण. शिक्षक प्यायले की पोरं आपोआप पितात, आणि आमच्या शिक्षिका तर स्वतःच बाथरूमच्या भीतीने पाणी पीत नव्हत्या, ते वेगळंच. केरळात २०१९ मध्ये शाळांमध्ये पाण्याची घंटा सुरू केली ना, दिवसातून ठरलेल्या वेळी घंटा वाजते आणि सगळा वर्ग पाणी पितो, आयडिया तिथूनच उचलली.

रसनाचं मात्र सांभाळा. दरवर्षी कोणी ना कोणी विश्वासी प्रेमाने सरबत स्पॉन्सर करतात, नाही म्हणता येत नाही. पण पोरं ते गोड पाणी पोटभर पितात आणि मग साध्या पाण्याला हात लावत नाहीत. आम्ही त्यांना विनंती केली की सरबताऐवजी काकडी आणि कलिंगड द्या, आनंदाने दिलं. शेवटच्या दिवशी पन्हं.

मिरजेची_सिस्टर :
संत्रानगरीचं बरोबर आहे. त्यात थोडी भर, कारण व्हीबीएसच्या पेटीत ओआरएस (पाण्यात मिसळायची मीठ-साखरेची पावडर) ठेवतात आणि ते कसं द्यायचं हे कोणालाच माहीत नसतं. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरमध्येच अख्खं पाकीट टाकायचं. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकलं की ते खारट दाट होतं आणि फायद्याऐवजी नुकसान. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा लहान चमचा. दुकानातली टेट्रापॅकची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला नसलेल्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला एफएसएसएआयने (सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली ती याचसाठी. आणि साधं खेळून घामाघूम झालेल्या पोराला ओआरएस लागत नाही, पाणी पुरतं. ते जुलाब उलट्यांसाठी ठेव.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, रडताना अश्रू नाहीत, सहा आठ तासांत लघवी नाही, असं दिसलं तर प्रार्थना करत करत गाडीत घाला आणि दवाखाना गाठा. आधी प्रार्थना मग बघू असं नको.

आणि दुसरं टोक पण नको. घटाघटा एकदम लिटरभर पाजायचं नाही, रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही धोक्याचं. घोट घोट, पण पुन्हा पुन्हा.

जुना_जालनेकर :
एलीयाची भाकर, तुझी पोस्ट वाचली. संयमाबद्दल माझं मत आहे तेच आहे, पण लेकराला चक्कर येईपर्यंत बसवा असं मी कधीच म्हणणार नाही. त्या आईने पाणी द्यायला हवं होतं.

मला एक वेगळं सांगायचंय. माझ्या वडिलांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना चढू देत नव्हते. खाली उभं राहायचं, वरून कोणाला दया आली तर ओंजळीत धार धरायची. कधी तासभर कोणी यायचंच नाही. वडील सांगायचे, तहान लागली तरी आम्ही पोरं मागायचो नाही, मागितलं की शिवी मिळायची. मिशनच्या कंपाउंडात विहीर होती, तिथे पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने पोहरा सोडला. म्हणून आमच्या घरात अजून रीत आहे, दारात कोणीही येवो, पोस्टमन, भंगारवाला, कुणाचं लेकरू, विचारायचं नाही पाणी पाहिजे का, आणून हातात द्यायचं. विचारलं की लाजरा माणूस नको म्हणतो.

शोमरोनी बाई प्रभूला तेच म्हणाली ना, तुम्ही यहूदी असून माझ्याकडे पाणी कसं मागता (योहान ४:९). शिवाशिवीच होती ती, यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. आणि भर दुपारी, दमून विहिरीपाशी बसलेल्या प्रभूकडे पाणी काढायला पोहरा पण नव्हता. तो तिच्याच भांड्यातलं मागत होता.

तेव्हा नगरच्या पोरी, व्हीबीएसला वस्तीतली बाहेरची लेकरं येतील, त्यांचे पेले आपल्यांचे पेले असं करू नको. कोणी घरून बाटली आणली नाही म्हणून हात वर करायला लावू नको. सगळ्यांना सारखंच.

नगरची_लेक :
काका, हे वाचून थोडा वेळ गप्पच बसले. बाटली घरून आणा अशी सूचना मी पत्रकात टाकणार होते, ती काढते. ज्याला आणायची तो आणेल, पण पाणी आपल्याकडे.

पाठ कोणता घ्यावा यावर पण सांगा सगळ्यांनी. रुथच्या मम्मीने मला व्यनि (खाजगी निरोप) मध्ये दानीएल सुचवलाय, शाकान्न आणि पाणी, दहा दिवस, मग चेहरे तजेलदार (दानीएल १).

एलीयाची_भाकर :
दानीएल मुलांना आवडतो, पण जपून. तिथला मुद्दा राजाच्या ताटातल्या अन्नाने विटाळायचं नाही हा आहे, पाण्याने स्किन ग्लो करते हा नाही. "पाणी प्या म्हणजे दानीएलसारखे व्हाल" असं शिकवलं की आपण पुन्हा सासूबाईंच्या वाक्यावर आलो, फक्त गोड करून. आणि ज्या मुलाला रक्ताची कमतरता आहे त्याने घरी जाऊन दहा दिवस भाजी आणि पाणी एवढंच मागितलं तर त्याची आई तुम्हाला शोधत येईल.

मला विचाराल तर अब्राहामाची दासी हागार घ्या, उत्पत्ति २१. पाण्याची मसक (कातडी पिशवी) संपलीय, बैर-शेबाचं रान, तिचा मुलगा इश्माएल झुडपाखाली टाकलेला, आई लांब जाऊन बसलीय कारण पोराचं मरण बघवत नाही. रडते आई, पण वचन काय म्हणतं, देवाने मुलाचा आवाज ऐकला. मुलाचा! लहान मुलांना हे फार लागतं, मोठ्यांचा नाही माझा आवाज ऐकला. मग देव हागारेचे डोळे उघडतो, तिला विहीर दिसते, ती मसक भरते आणि मुलाला पाजते. त्यानंतर लगेच वर्गात सगळ्यांनी पाणी प्यायचं, काही न बोलता. दुसरा कसला बोध काढत बसू नका.

संत्रानगरी :
सर्वात लहानांना एलीम घ्या, इस्राएल लोकांचा वाटेतला मुक्काम (निर्गम १५:२७), बारा झरे आणि सत्तर खजुराची झाडं. मोजायला मजा येते. हिरव्या कागदाची झाडं कापून भिंतीवर लावायची, निळे बारा गोल, आणि खरोखरचे खजूर वाटायचे. खजूर खाल्ला की पाणी आपोआप मागतात :)

रुथची_मम्मी :
ठीक आहे, दानीएल मागे घेते :) एलीमचं क्राफ्ट मी करून पाठवते, आमच्याकडे घोटीव कागद पडून आहे.

बावखलाच्या_काठी :
अपडेट : काल मिस्साच्या आधी लेकीने आजीसमोर अर्धा ग्लास पाणी प्यायलं. आजी काही बोलली नाही, पण वाटेत मला म्हणाली की तुझ्या बापाला पण पूर्वी मिस्सात चक्कर यायची. एवढंच.

नगरची_लेक :
बरं, आमचं ठरलं ते सांगते. सात ते दहा. पाळकसाहेबांशी बोलले, ते म्हणाले पाण्यासाठी कोणी उठलं तर मी थांबत नाही आणि रागावतही नाही, तुम्ही पण रागावू नका. दोन माठ, दारापाशी, पोरांच्या उंचीच्या बाकावर, म्हणजे कोणाला मागावं लागणार नाही. प्रीतिभोजनाचे स्टीलचे पेले कपाटात आहेत तेच काढतोय. चर्चचं बाथरूम एकच आहे आणि त्याचीही कडी ढिली निघाली, म्हणजे मी शाळेला नावं ठेवत होते ते ठेवतच राहीन पण आधी ही बसवते. सुताराला उद्या बोलावलंय. मुलींसाठी वेगळी सोय पाळकबाईंनी त्यांच्या घरात करून दिली.

मुलगा अजून बाटली पूर्ण संपवत नाही, अर्धी येते. सासूबाईंना मी काही बोलले नाही, पण त्या आजकाल स्वतः तांब्या घेऊन त्याच्याजवळ बसतात, आधी आपण पितात मग त्याच्याकडे सरकवतात.

सिस्टर, एक राहिलं. माठात पोरं पेलेच बुडवतील, हात घालतील, त्याचं काय करू? नळवाला माठ मिळाला नाही.

मिरजेची_सिस्टर :
लांब दांड्याचं ओगराळं ठेव आणि पहिले दोन दिवस एक मोठी मुलगी बसव वाढायला, ज्युनिअर गटातली, त्यांना काम दिलेलं आवडतं. पाणी आदल्या रात्री उकळून गार करून भर. माठ रोज रिकामा करून आतून घासायचा, कालच्या पाण्यात आजचं ओतायचं नाही. पेले वापरून झाले की वेगळ्या टोपात टाकायला सांग, नाहीतर तेच पुन्हा उचलतात. आणि त्या मुलीला पण पाणी प्यायची आठवण कर, वाढणारे विसरतात.